खणखणीत वाजलेलं चाक

माझा धाकटा भाऊ गोरक्ष चाकणच्या एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर होता. सत्ताविसाव्या वर्षी त्याच मशीनवर तो गेला. पण मला सांगायचंय ते जास्त करून समाधानबद्दल, आणि मी बोलून गेले त्या एका वाक्याबद्दल.

समाधान गेवराईकडचा. आयटीआय करून कामाच्या शोधात इकडे आला आणि मोशीत आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिला. इंद्रायणीच्या अंगाला आमचं शेत होतं तिथे आता बारा-बारा मजली सोसायट्या आहेत. वडील मी कॉलेजात असतानाच वारले. घरात आई, गोरक्ष आणि मी. आईने पहिल्याच महिन्यात समाधानचा डबा आमच्या डब्यांबरोबर भरायला सुरुवात केली. "भायेरचं खाऊन वाळत चाललंय पोरगं," एवढंच म्हणाली. तो तिला मावशी म्हणायचा, मला ताई. गोरक्षनेच खटपट करून त्याला आपल्या कंपनीत लावून घेतलं. एकच शिफ्ट, एकच गाडी. मागे कोण बसणार यावरून रोज गेटपाशी दोघांची झकाझकी. गोरक्ष मशीन चालवायचा. समाधान फिटर होता. मशीनवर नवं चाक चढवायचं काम त्याचं.

हे चाक म्हणजे लोखंड घासून गुळगुळीत करणारा गोल दगडच. बारीक कठीण दाणे मातीत कालवून भट्टीत भाजलेला. मिनिटाला दोन हजार फेरे घेतो. आत कुठे तडा असेल तर तेवढ्या वेगात तो फुटतो आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून चढवण्याआधी चाक टांगून लाकडी मुठीने चार जागी हलकेच ठोकून बघायचं असतं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर बाजूला. बाजारात बायका माठ वाजवून घेतात, तसंच.

त्या फेब्रुवारीत दोघांना दुसरी शिफ्ट होती. साडेतीनला समाधानने नवं चाक चढवलं. चार वाजून पाच मिनिटांनी ते फुटलं. एक तुकडा पत्र्याचं संरक्षण फाडून बाहेर आला आणि गोरक्षच्या छातीखाली लागला. समाधान दहा फुटांवर होता. हॉस्पिटलपर्यंत गोरक्षचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. आई आणि मी पोचलो तेव्हा तो बाहेरच्या पायरीवर बसून शर्टाचं एकच बटण लावत होता, काढत होता. आईने विचारलं, "कुठं हाय त्यो?" समाधानने तिच्याकडे पाहिलं नाही. आम्हाला तेव्हाच कळलं.

कंपनीने चौकशी लावली. समाधानने सांगितलं, "म्या वाजवून बघितलं व्हतं. चारी जागी खणखणीत वाजलं." बघणारं कुणी नव्हतं. ज्याच्या समोर वाजवलं तो गोरक्षच होता.

आठव्या दिवशी मला बोलावलं. घरच्यांचं काही म्हणणं आहे का, असं विचारायला. शिवाय मी भोसरीच्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि आमचं कामच मशीनच्या भागांची थरथर मोजायचं, हे त्यांना ठाऊक होतं. लांब टेबलामागे तिघं बसले होते. एकाने अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही या विषयातल्या आहात. आत दोष असलेलं चाक खणखणीत वाजू शकतं का?"

मी आठ दिवस झोपले नव्हते. मला कुणीतरी हवं होतं, ज्याच्यामुळे हे झालं असं म्हणता येईल. मी म्हणाले, "नाही. शक्यच नाही. त्याने वाजवलंच नसणार."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली.

तेराव्याचा स्वयंपाक चालू असताना समाधान गच्चीवरून खाली आला. ओटीवर पाहुणे होते. तो आईसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, देवाशप्पथ म्या वाजवलं व्हतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग गं सुप्रिया. तू शिकल्याली हायस. हे खरं बोलतंय का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. समाधानही.

"वाजवलं असतंस तर कळलं नसतं का? कान गेले होते का तुझे?" मी म्हणाले.

तो जिना चढून वर गेला. त्या संध्याकाळी आईने त्याची बॅग, गादीची वळकटी आणि स्टोव्ह जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवला. तो दोन खेपांत सगळं रिक्षात भरून गेला. कंपनीने त्याला आठवड्याभरात काढून टाकलं. तो कुठे गेला, आम्ही विचारलं नाही.

त्यानंतरचे महिने आईने त्याच्या नावाने काढले. भांडी घासताना, नळाला उभी असताना, तिच्या तोंडी तोच. गोरक्षबद्दल ती बोलत नसे. समाधानला शिव्या देता देता तिला जेवण जायचं, झोप यायची. मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी आहे.

सप्टेंबरमध्ये फुटलेल्या चाकाच्याच लॉटमधलं, त्याच खेपेत भाजलेलं एक चाक दुसऱ्या कारखान्यात चढवता चढवता हातातच दुभंगलं. मग गोरक्षच्या कंपनीने स्टोअरमध्ये पडून असलेली उरलेली चार चाकं आमच्या प्रयोगशाळेत पाठवली. आमचे प्रमुख बुद्धरत्न सर. त्यांनी चाकांसोबत आलेल्या चलनावरचा लॉट नंबर पाहिला आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे काम मी दुसऱ्या कुणाला देतो," ते म्हणाले.

"नको सर. मी करते."

"का?"

"मला बघायचंय."

खरं सांगायचं तर, चाकं चांगली निघतील याची मला खात्री होती. ती चांगली निघावीत असंच मला वाटत होतं.

आमच्याकडे लेझर होलोग्राफीवर मोजणी चालते. हवेच्या उशांवर तरंगणारं एक जड टेबल आहे. त्यावर वस्तू घट्ट बसवायची आणि तिच्यावर लेझरचा हिरवा उजेड सोडायचा. वस्तूवरून परतलेला उजेड आणि सरळ आलेला उजेड कॅमेऱ्यात एकत्र येतात आणि वस्तूच्या अंगाची जशीच्या तशी नोंद होते. मग तिला किंचित ऊब द्यायची, किंवा बारीकशी थरथर, आणि पुन्हा नोंद घ्यायची. दोन नोंदी एकीवर एक ठेवल्या की जिथे जिथे अंग हललं तिथे काळे-पांढरे पट्टे दिसतात, नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारखे. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक केसाच्या जाडीच्या अडीचशेव्या भागाएवढा. चांगल्या चाकावर हे पट्टे सारखे, गोल, मधल्या भोकाभोवती नीट पसरलेले दिसतात. आत कुठे पोकळ किंवा कच्चं राहिलं असेल तर तिथलं अंग जरा जास्त फुगतं आणि पट्टे त्या जागी वाकतात.

बाहेरच्या रस्त्याने कंटेनर गेला तरी सगळं विस्कटतं. म्हणून महत्त्वाची मोजणी आम्ही गुरुवारी करतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते.

त्या गुरुवारी मी सकाळी नऊला गेले. आधी चारही चाकं टांगून लाकडी मुठीने वाजवली. चारही खणखणीत वाजली. नोंदवहीत तसं लिहिलं. मग एसी बंद केला, पहिलं चाक टेबलावर चढवलं, हवा स्थिरावायला पंधरा मिनिटं थांबले. पट्टे गोल आले. दुसऱ्याचेही गोल.

तिसऱ्या चाकावर भोकापासून दोन बोटांवर पट्टे वाकले आणि त्यांनी स्वतःभोवती वळसा घेतला. डाळीच्या दाण्याएवढा बंद वळसा, त्यात आणखी एक, त्यात आणखी एक.

मला वाटलं चाक नीट कसलं गेलं नसेल. काढून पुन्हा बसवलं. तेच आलं. चाक अर्धं फिरवून बसवलं, तर वळसाही अर्धा फिरून पलीकडे गेला. म्हणजे चूक टेबलाची नव्हती, कॅमेऱ्याची नव्हती. मी ते चाक उतरवलं, पुन्हा टांगलं आणि वाजवलं. एकदा, दोनदा, दहा वेळा. वळसा आला होता त्या जागेच्या अगदी जवळ वाजवलं. चाक खणखणीत वाजत होतं. देवळातल्या घंटेसारखं स्वच्छ.

चौथ्यावरही तसाच वळसा आला, जरा मोठा.

मी सरांना फोन केला. ते निगडीहून अर्ध्या तासात आले. स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः चाक वाजवून पाहिलं.

"भाजताना त्या जागी कच्चं राहिलंय," ते म्हणाले. "जागा एवढीशी आहे. वाजवल्यावर अख्खं चाक थरथरतं, त्यात एवढ्याशा जागेचा आवाज कुठे कळणार? पण दोन हजारच्या वेगात सगळी ओढ भोकापाशीच येते."

"म्हणजे वाजवून कळलं नसतं."

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, सुप्रिया." त्यांनी चाक खाली ठेवलं. "फुटलेल्या चाकाबद्दल मी शपथेवर सांगू शकत नाही. ते आता नाहीच आहे. पण चाक फुटलं म्हणजे त्या मुलाने वाजवलं नव्हतं, असं कुणाला म्हणता येणार नाही."

मी खुर्चीवर बसले. सरांनी पाण्याची बाटली पुढे ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

अहवालात मी चारही चाकांचे आवाज लिहिले, चारही चित्रं जोडली. सोबत कंपनीला वेगळं पत्र दिलं की चौकशीत मी दिलेला जबाब चुकीचा होता, तो मागे घ्यावा. हे सगळं सोपं होतं. आईला सांगणं सोपं नव्हतं.

ती शेंगा निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. चित्र दाखवलं. तिने ते हातात घेतलं नाही, लांबूनच पाहिलं.

"म्हंजी त्यानं वाजवलं व्हतं?"

"वाजवलं असणार, आई. आणि वाजवूनही कळलं नसतं."

तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं. "तूच म्हनली व्हतीस," ती म्हणाली.

"हो."

"समद्यांच्या म्होरं म्हनली व्हतीस. म्या त्याची वळकटी फेकली." मग ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मी तिला गोरक्षचं नाव घेऊन रडताना ऐकलं. सात महिन्यांत ती तशी रडली नव्हती.

समाधानचा फोन लागत नव्हता. कंपनीच्या स्टोअरमधल्या भिमाजींना विचारलं, तेव्हा कळलं की तो चाकणलाच आहे, मार्केट यार्डात हमाली करतो. "एवढा कसबी फिटर," भिमाजी म्हणाले, "दोन ठिकाणी मीच शब्द टाकला होता. पण मशीन म्हटलं की नको म्हणतो."

शनिवारी मी गेले. कांद्याचा बाजार भरला होता. ट्रकमागे ट्रक लागलेले, पायाखाली टरफलांचा थर. तो पाठीवर गोणी घेऊन फळीवरून वर चढत होता. आधी मला ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, खांदे एका बाजूला कललेले. त्याने मला पाहिलं, गोणी ट्रकात टाकली आणि खाली येऊन उभा राहिला.

"मावशीला काय झालं का?" हेच पहिलं विचारलं.

"नाही. आई बरी आहे. तुझ्याशी बोलायचंय."

चहाच्या टपरीमागे बाकड्यावर आम्ही बसलो. मी चित्राचा कागद काढला. पट्टे म्हणजे काय, वळसा म्हणजे काय, सांगितलं. मी स्वतः दहा वेळा वाजवलं आणि दहाही वेळा खणखणीत ऐकलं, तेही सांगितलं. तो फिटर होता, त्याला फार समजवावं लागलं नाही. त्याने कागद गुडघ्यावर ठेवला आणि वळशावर बोट ठेवून बसला.

"म्हंजे म्या ऐकलं ते खरं व्हतं," तो म्हणाला.

"खरं होतं. माझं चुकलं, समाधान. मी तेव्हा बोलले ते..."

"ऱ्हाऊ द्या ताई."

"राहू कसं देऊ? मी लिहून दिलं होतं. आता दुरुस्त केलंय. कंपनी तुला परत घेईल, आमचे सर स्वतः त्यांच्याशी बोललेत."

त्याने मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. चहा आला, तसाच राहिला. शेजारी कुणीतरी आकडे ओरडत होतं, लिलाव चालू होता.

"ताई, सुरवातीला म्या समद्यांना सांगितलं, वाजवलं व्हतं म्हनून. कुनीच ऐकंना. मग माझं मलाच वाटाया लागलं, नसंन वाजवलं. घाईत असंन. चहाची वेळ झाल्ती, गोरक्ष हाका मारत व्हता. दोनच जागी वाजवलं असंन, चार नसंन." त्याने कागदावरचं बोट काढलं. "रोज गोणी उचलताना मनात तेच. ते चाक म्या पुन्हा टांगतो. नीट वाजवतो. बद्द येतं. बाजूला ठिवतो, दुसरं चढवतो. गोरक्ष शिफ्ट संपवून घरी जातो. रोज. सात महिने."

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

"आता तुमी सांगताय की नीट वाजवलं तरी त्यो गेलाच असता." तो म्हणाला. "मग म्या करायचं काय व्हतं, ताई? सांगा की. तुमी शिकल्या हायत. काय केलं असतं म्हंजे वाचला असता?"

त्या दिवशी त्या मशीनपाशी उभ्या असलेल्या कुणालाही काही करता आलं नसतं, हेच मी सहा पानी अहवालात लिहिलं होतं. त्याचं ओझं उतरवायला म्हणून मी आले होते. त्या ओझ्यालाच धरून तो उभा होता, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

तो गुडघ्यात डोकं घालून रडला. बाजारातली माणसं बघत होती, त्याला फिकीर नव्हती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने ओला होता, आणि पाठीला कांद्याची माती. गोरक्ष गेल्यापासून मी माझ्या भावासाठी कुणाबरोबर रडले नव्हते. त्याच्याबरोबर रडले.

उठताना त्याने विचारलं, "मावशीचे गुडघे कसे हायत? गोळ्या चालू हायत का?"

"चालू आहेत."

"मावशी उपाशीपोटी घेतात. सांगा त्यास्नी, नका घेऊ म्हनावं."

महिन्याभराने कंपनीचं पत्र निघालं. चौकशीचा निष्कर्ष बदलला होता. फिटरची चूक नाही, चाकात दोष होता, असं त्यात लिहिलं होतं. समाधानला कामावर परत बोलावलं होतं. भिमाजी ते पत्र घेऊन स्वतः मार्केट यार्डात गेले. समाधानने दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मशीनचा आवाज आता मला सोसत न्हाई." पुढे दिवाळीनंतर तो गेवराईला गेला आणि तिथे एका माणसाचा दुधाचा टेम्पो चालवायला लागला.

फेब्रुवारीत गोरक्षचं वर्षश्राद्ध होतं. आईने मला समाधानच्या नव्या नंबरवर फोन लावायला सांगितलं आणि माझ्या हातून घेतला. "समाधान," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "यायचं तुला. येशील न्हवं?"

तो आदल्या दिवशीच निघून सकाळी आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आई दारातच होती. तिने त्याचा हात धरून आत आणलं, आणि पाहुण्यांसमोर, ज्यांच्यासमोर मी बोलले होते त्यांच्यासमोरच, म्हणाली, "ह्या पोराची काय बी चूक नव्हती. आमीच चुकलो." पंगतीत त्याला तिने गोरक्षच्या मामाशेजारी बसवलं आणि स्वतः वाढलं. तो खाली मान घालून जेवला. तिने वाढलेलं सगळं संपवलं.

दुपारी ती म्हणाली, "खोली रिकामीच हाय. कुनाला दिली न्हाई. ऱ्हा हितंच."

तो गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघत राहिला. "मावशी, येत जाईन मी," तो म्हणाला. "पन ऱ्हायला नगा लावू. वर गेलो तर त्यो हाक मारंल असं वाटतंय."

आईने पुन्हा आग्रह केला नाही. पिशवीत भाकरी, शेंगांची चटणी आणि गोरक्षचा एक स्वेटर बांधून दिला. स्वेटर नको, असं तो म्हणाला नाही.

संध्याकाळी मी त्याला थांब्यावर सोडायला गेले. बस आली ती खच्चून भरलेली. तो कसाबसा पायरीवर चढला, एका हाताने दांडा धरला, दुसऱ्या हातात पिशवी. "येतो ताई," म्हणाला. बस चौकातून वळेपर्यंत मला त्याची पाठ दिसत होती.

घरी आले तर आई मोरीत मोठी पातेली घासत होती. मी पदर खोचून शेजारी बसले.

"गेला का?" तिने विचारलं.

"गेला."

"बसाया जागा मिळाली का त्याला?"

"मिळाली, आई. खिडकीची मिळाली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढचं पातेलं ओढून घेतलं.